चवदार तळ्याच्या काठावर : आतले कोण, बाहेरचे कोण?

२० मार्च १९२७ रोजी महाडात काठ्या चालल्या त्या चवदार तळ्याच्या पाण्यावरून, असे आपण सर्रास म्हणतो. जयंतीच्या भाषणात म्हणतो, पाठ्यपुस्तकातही तसेच छापलेले असते. पण त्या दिवसाचा क्रम नीट लावून पाहिला तर गोष्ट थोडी वेगळी दिसते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले, आणि सगळे शिस्तीने मंडपात परतले. त्या वेळी त्यांच्या अंगावर कोणी आले नाही. मारहाण सुरू झाली ती त्यानंतर सुमारे दोन तासांनी, आणि ती सुरू व्हायला एक अफवा लागली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी ती अफवा.

या दोन तासांचा विचार आपल्या लेखनात फारसा झालेला नाही. पाणी बाटले हे डोळ्यांदेखत दिसत असताना गाव घरात बसून राहिले, आणि जे घडले नव्हते व घडणारही नव्हते त्या देवळाच्या नावाने उठले, याचा अर्थ काय? धर्म मानणारे आणि धर्माबाहेरचे अशी माणसांची जी वाटणी केली जाते तिचे मर्म मला या दोन तासांत दिसते. म्हणून हा लेख.

आधी तळ्याची हकीकत, कारण विद्यार्थ्यांना ती बऱ्याचदा अर्धवट ठाऊक असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये स्वतः ठराव करून तळे खुले केले. ते खुले झाले कागदावर. पुढची तीन वर्षे स्पृश्यांच्या धाकाने एकही अस्पृश्य त्या पाण्याला हात लावू शकला नाही. परिषद भरली तेव्हा मंडपातल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. १९२७ सालचे चाळीस रुपये! पाणी विकताना विटाळ आड आला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू.

म्हणजे तळ्याचा प्रश्न कायद्याच्या, नगरपालिकेच्या, नागरिकांच्या हक्काच्या भाषेत मांडला गेलेला होता. तळ्यावर जाण्याची सूचना मांडणारे अनंतराव चित्रे कायस्थ, नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरबानाना टिपणीसही कायस्थ. ठराव कौन्सिलचा, मालकी पालिकेची. अशा गोष्टीवर गावातल्या चार लोकांचा राग होतो, कुजबुज होते, पण बाजारातला हमाल, शेतावरचा कुणबी, दुकानातला पोऱ्या काठी घेऊन धावत येत नाही. त्याला धावत आणायचे तर सांगावे लागते की देव बाटतोय. वीरेश्वर हे महाडचे ग्रामदैवत. त्याचे नाव घेताच नगरपालिकेचा प्रश्न मिटला आणि 'आपण' आणि 'ते' असे दोन कळप तयार झाले. अफवा पसरवणाऱ्यांना माणसांची ही जाण पक्की होती.

मामलेदार आणि पोलीस अधिकारी डाकबंगल्यावर बाबासाहेबांना भेटले तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितले की देवळात जाण्याचा आमचा विचारही नाही. तोवर मंडपात जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला झाला होता, अन्न मातीत तुडवले गेले होते, बाजारात एकटेदुकटे सापडलेले लोक झोडपले जात होते. कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. दुसऱ्या दिवशी तळ्याचे शुद्धीकरण झाले. एकशेआठ घागरींचा विधी, गोमूत्र, शेण, दूध, दही, मंत्र. ६ जून १९२७ रोजी नऊ आरोपींपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पुरी होत होती. तारखेचा हा योगायोग असेल. पण महाडच्या पालिकेने तो मोठा नेटका साधला.

हा भाग वर्गात शिकवला की दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, 'सर, मग मुसलमानांना ते पाणी कसे चालत होते?'

प्रश्न योग्य आहे. तळ्याभोवती रस्ता, रस्त्यापलीकडे स्पृश्यांची घरे आणि त्यांतच काही मुसलमानांची. मुसलमान तळ्याचे पाणी घेत. ख्रिस्ती माणूस आला तर त्यालाही कोणी हटकत नसे. गुरे पाण्यावर येत. जो वीरेश्वराला मानत नाही, ज्याचा देव वेगळा, ग्रंथ वेगळा, प्रार्थनेची दिशा वेगळी, तो पाण्यापाशी चालत होता. आणि जो त्याच वीरेश्वराला लांबून हात जोडत होता, त्याच्या जत्रेत राबत होता, त्यालाच तेवढी बंदी होती. धर्माने 'आतला' तो पाण्याच्या 'बाहेर', आणि धर्माने 'बाहेरचा' तो पाण्याच्या 'आत'. मग हिंदू आणि अहिंदू अशी जी रेघ आपल्याला शाळेपासून शिकवली जाते, ती या तळ्यावर कुठे गेली?

याचे उत्तर शोधायला महाडहून खाली किनाऱ्यावर उतरावे लागते. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायल समाजाचे जुने दफनस्थान आहे. त्यांची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी एक गलबत इथे फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. परंपरा किती खरी हा वेगळा वाद. पण ही माणसे शेकडो वर्षे याच पट्ट्यात राहिली हे त्यांच्या आडनावांवरूनच कळते : राजपूरकर, पेणकर, चौलकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर. मराठी बोलणारी, तेलाचा घाणा चालवणारी माणसे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली, हे शनिवार तेली!

या नावाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. जगात ज्यू म्हटले की युरोपाच्या इतिहासातले काय काय आठवते. वेगळी वस्ती, हद्दपारी, कत्तली आणि शेवटी हिटलरच्या छावण्या. धर्म वेगळा एवढ्यावरून. कोकणच्या गावांनी या धर्माने पूर्ण परक्या असलेल्या माणसांवर तसला अत्याचार केला नाही. आपल्याकडचे अनेक विद्वान याला हिंदू समाजाची सहिष्णुता म्हणतात आणि त्यावर पुष्कळ लिहितात. ती सहिष्णुता खोटी होती असे मी म्हणणार नाही. बेने इस्रायलांनी स्वतःच तिच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. पण ती कशी चालत होती ते पाहा. गावाने त्यांचा धर्म विचारलाच नाही, फक्त एवढे विचारले की उतरंडीत यांना बसवायचे कुठे. घाणा चालवतात ना, मग तेली. जागा ठरली, आणि जागा ठरली की परकेपणा संपला. देव कुठला, ग्रंथ कुठला, याच्याशी गावाला कर्तव्य नव्हते. महाराची जागाही अशीच ठरलेली होती, गावकुसाबाहेर. जो व्यवहार शनिवार तेल्याला गावात घेतो तोच महाराला बाहेर ठेवतो. एकीचे नाव सहिष्णुता आणि दुसरीचे अस्पृश्यता, अशी दोन प्रकरणे इतिहासाच्या पुस्तकात दूर दूर छापली जातात. मला ती एकाच पानावर हवी आहेत.

आणि जात ज्याला जागा देते त्याला आपली सवयही लावते. बेने इस्रायलांमध्ये 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन भाग पडले. दोन्ही बाजूंनी ज्यू वंशाचे ते गोरे, स्थानिक स्त्रियांपासून झालेली संतती ती काळी. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नसे. विधवेचे लग्न टाळण्याची रीतही शेजाऱ्यांकडून आली. हाईम सॅम्युएल किहीमकर या त्यांच्याच इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवला प्रसिद्ध झाला. समाजाचे मोठेपण सांगता सांगता ही भेदाची नोंदही त्यात आली आहे.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. हेच लोक मुंबईला गेले, तिथे त्यांच्यातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला ही मंडळी मशीदच म्हणत, जुनी मशीद! नंतर मुंबईत बगदादी ज्यू आले, पैसेवाले. १८३६ मध्ये त्यांनी अर्ज केला की दफनभूमीत बेने इस्रायलांच्या आणि आमच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी. धर्म एक, देव एक, ग्रंथ एक, तरी मेल्यावरही वेगळे राहायचे. आणि इस्रायल राष्ट्र झाल्यावर कोकणातले हे लोक तिकडे गेले तेव्हा तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत आदेश काढला की यांच्या लग्नाच्या वेळी यांची वंशावळ मागे मागे तपासावी, हे खरे ज्यू की नाहीत ते पाहावे. किनाऱ्यावर शेकडो वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना 'तुम्ही आमच्यातले कशावरून?' असे विचारले गेले. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. परकेपणा लादला जातो तो बहुतेक वेळा श्रद्धा तपासून नव्हे, रक्त तपासून. आपल्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. पण आपण हे केवळ हिंदू धर्माचेच व्यंग समजतो, म्हणून किनाऱ्यावरच्या या शेजाऱ्यांची कथा सांगितली.

आता परत महाडकडे. अस्पृश्य हिंदू आहेत की नाहीत, हा प्रश्न महाड तालुक्यात चवदार तळ्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले, यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध करून धर्माच्या ठेकेदारांपुढे सव्वीस प्रश्न टाकले. त्यांना १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या सभासदांना तो धक्का सहन झाला नाही. त्या काळी 'हे आमचेच' असे म्हणायला कोणी आले नव्हते.

'आमचेच' म्हणण्याची गरज पडली ती डोकी मोजायला लागल्यावर. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले आणि प्रतिनिधित्व संख्येवर ठरू लागले. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी आयुक्त गेट यांनी एक परिपत्रक काढले. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे, ब्राह्मणाकडून मंत्र न मिळणारे, देवळाच्या आत न जाऊ शकणारे, स्पर्शाने विटाळ करणारे, प्रेत पुरणारे, गोमांस खाणारे अशा दहा कसोट्या लावून, हिंदूंत मोजल्या जाणाऱ्या कोणत्या जाती प्रत्यक्षात कुठे बसतात ते पाहा, असे त्यात होते. केवढी ओरड झाली! ज्यांची सावली चालत नव्हती त्यांचा आकडा मात्र सोडवेना. १९२३ मध्ये सावरकरांनी हिंदू कोण याची व्याख्या केली : ज्याची पितृभू आणि पुण्यभू ही भूमी आहे तो. या व्याख्येत महार आत आला आणि मुसलमान, ख्रिस्ती, बेने इस्रायल बाहेर गेले. चवदार तळ्यावर चार वर्षांनी याच्या नेमके उलट घडले. एक माप सभेत वापरायचे, दुसरे पाणवठ्यावर. १९३१ मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले, सर्व जातींना खुले. काम धाडसाचे होते हे मानलेच पाहिजे. तरीही जुन्या देवळांचे दार उघडण्याऐवजी नवे देऊळ बांधावे लागले. आणि 'आपल्या'त घेण्याची तळमळ बरीचशी 'त्यां'च्या भीतीतून आलेली होती हेही खरे. ज्याला आत घेतले जाते तो दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी घेतला जात असेल, तर त्या दारातून जाण्याआधी विचार करावा.

बाबासाहेबांनी तो केला. महाडचा दुसरा अध्याय, डिसेंबर १९२७ चा, या दृष्टीने वाचावा. स्पृश्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला, १४ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मोटारवाले अस्पृश्यांना नेणार नाहीत अशी धमकी होती, म्हणून धरमतरची जवळची वाट सोडून बाबासाहेब आणि प्रतिनिधी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला उतरले. तिथून पायी महाड. मंडपासाठी कोणी स्पृश्य जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि तो ठराव मांडणारे होते बापूसाहेब सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण.

या ब्राह्मणावरून आधीच वाद होऊन गेला होता. ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, अट एकच : ब्राह्मण नको, मग तो कितीही चांगला असो. संकटात सापडलेल्या चळवळीला असा पाठिंबा किती मोलाचा असतो हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. बाबासाहेबांनी अट नाकारली. आमचा झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. उच्चनीचतेची भावना ज्याच्या मनात नाही तो ब्राह्मण त्यांना चालत होता आणि ती ज्याच्यात आहे तो ब्राह्मणेतर चालत नव्हता. 'आपण' आणि 'ते' ही वाटणी त्यांनी मोडीत काढली नाही, हे ध्यानात घ्या. शत्रू आहे हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांनी रेघ दुसरीकडे ओढली इतकेच, आणि ती जन्मावरून व श्रद्धेवरून काढून वागणुकीवर आणली.

मुसलमानांच्या आसऱ्याबद्दलही आपण सरळसोट कथा रचू नये. महाडात घरे उघडली गेली, जागा दिली गेली, हे ऋण आहे. पण १९३४ मध्ये बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचा हौद, प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून काहींनी हातपाय धुतले. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. शेवटी बाबासाहेबांनी रागाने विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि आमच्यातला एखादा मुसलमान झाला तर त्याला तुम्ही हे पाणी नाकाराल काय? लोक गप्प झाले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्या त्या प्रश्नात किती धार आहे पाहा! माणूस तोच, अंग तेच, तहान तीच. फक्त तो 'आतला' झाला तर पाणी बाटणार नाही. मग बाटणे पाण्यात नाही, हे त्या गर्दीला त्याक्षणी कळले असावे. कळून ती किती वेळ लक्षात राहिली, देव जाणे.

दाव्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली. महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ ला अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा शब्द सांगितला : अनादिकाळापासूनची म्हणून सांगितलेली बहिष्काराची रूढी सिद्ध झालेली नाही. वीरेश्वराच्या नावाने जी काठी उठली तिच्यामागे असलेली 'सनातन' परंपरा कोर्टात पुराव्याला उभी राहू शकली नाही.

इथवरचे लिहिणे सोपे होते, कारण यात दोष दुसऱ्यांचा आहे. आता घरचे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वाड्यांवरून देव्हारे गेले. टाक नदीत गेले, खाडीत गेले, मसोबाचे दगड बांधावरून ढकलले गेले. ते व्हायला हवे होते. त्या देवांनी पिढ्यान् पिढ्या आपल्याला लाचार ठेवले. पण आमच्या भागातल्या एका वाडीत एका म्हातारीने भाताच्या कणगीमागे देवीचा टाक ठेवला होता. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. टाक सापडला तेव्हा वाडीच्या पंचांनी तिला आमंत्रण बंद केले. लग्नाला बोलवायचे नाही, पंगतीला बसवायचे नाही. बौद्धवाडीत कोणाला तरी पंगतीतून उठवण्याचा अधिकार आपण कुठून शिकलो, हे मी सांगायला हवे काय? मला त्या टाकाची बाजू घ्यायची नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मला शिरोधार्य आहेत. पण प्रतिज्ञा ज्याने त्याने स्वतः घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या कणगीमागे शोधायला लागलो की प्रतिज्ञेचे सोवळे होते. आणि शेजारचा चांभार, शेजारचा मांग अजून हिंदू आहे म्हणून त्याच्या मोर्चात न जाणारे, 'ते आपले नव्हेत' म्हणणारे कार्यकर्ते मी पाहिलेले आहेत. १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कुणबी आणि महार एकत्र मुंबईच्या कौन्सिलवर चालून गेले, तेव्हा कोणी कोणाचा देव विचारला नव्हता. खोताने दोघांनाही सारखेच पिळले होते.

याहून मोठा प्रश्न आज आपल्यापुढे आहे आणि त्यावर आपली मासिके गप्प आहेत. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मध्ये हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, अशी अट घातली गेली. १९५६ मध्ये शिखांना तीतून सूट मिळाली. आपल्याला, बौद्धांना, केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, गावातला विटाळ कायम राहतो, असे आपण तेव्हा चौतीस वर्षे ओरडून सांगत होतो. खरेच सांगत होतो. नगर आणि जालना भागातला महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती आज तेच सांगतो. दलित मुसलमान तेच सांगतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी आयोग नेमला. आणि आपल्यातले शिकलेले लोक काय म्हणतात? त्यांच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला? ते परदेशी धर्माचे. वाटेकरी वाढतील.

यातले पहिले वाक्य १९९० पूर्वी आपल्यालाच ऐकवले जात होते, शब्दाला शब्द. दुसरे वाक्य पितृभू-पुण्यभूच्या व्याख्येतून आलेले आहे आणि ते आपल्या तोंडी यावे याची मला शरम वाटते. तिसरे मात्र खरे भय आहे. जागा मोजक्या आहेत, मुले बेकार आहेत, माझ्या वर्गातून पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा रोह्याच्या कारखान्यात कंत्राटावर राबतो. त्याला वाटेकऱ्याची भीती वाटली तर मी त्याला नीतीचे पाठ देणार नाही. त्याचे उत्तर जागा वाढवून, आरक्षणाचे प्रमाण वाढवून द्यायचे असते, शेजाऱ्याचा धर्म तपासून नव्हे. भीती पोटाची असताना तिला धर्माचे नाव दिले की काय होते, ते वीरेश्वराच्या अफवेत आपण पाहिलेच.

आमच्या तालुक्यातील काही शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी या आयोगाकडे निवेदन पाठवावे असा विचार मांडला. मसुदा मी लिहिला. बैठकीत तो वाचला तेव्हा निम्म्या लोकांनी सही करायला नकार दिला. दोघे उठून गेले. जे गेले त्यांतल्या एकाचे घराणे परिषदेच्या काळापासून चळवळीत आहे. मसुद्यात दौलताबादचा प्रसंग आहे, तो काढा म्हणजे सह्या करू, असे काहींचे म्हणणे पडले. मी तो काढलेला नाही. पुढची बैठक पावसाळ्यानंतर, भाताची कापणी उरकल्यावर ठरली आहे.